शेवटचे चाळीस मीटर

जून लागला की शहरात खोदाई बंद.
त्याआधी मिळेल तो खड्डा आपला, म्हणून
मी आणि इलाही शिकलगार
वारजे पुलाखाली रात्री दीडला चेंबरात उतरलेलो.
गुडघाभर चिखल, कपाळाला बॅटरी.
वर एक गृहस्थ स्कूटर थांबवून विचारतात :
परवाच डांबर टाकलंय इथे. परवानगी आहे का?
आहे, काका.
इलाही पिशवीतून कागद काढतो,
मीटरमागे महापालिकेत किती भरले तेही त्यात.
काका चष्मा बदलून पूर्ण वाचतात, तारखेसकट.
मग म्हणतात, बरं. चालू द्या.

काच केसाइतकी बारीक.
सोलायची, स्पिरिटनं पुसायची, काटकोनात कापायची,
दोन टोकं समोरासमोर आली की मशीन एक ठिणगी टाकतं
आणि सांध्याची खूणसुद्धा राहत नाही.
फक्त आकडा येतो, उजेड किती वाया गेला त्याचा :
शून्य पूर्णांक शून्य दोन.
आमच्या घरात एका वाक्यात याहून जास्त सांडतो.
उजेड म्हणतो मी, पण तो दिसत नाही.
टोकात डोळा घालायचा नाही, हा पहिला धडा.

दिवाळीनंतर वेल्ह्याकडे पाठवलं,
डोंगराआड, कोंढाळवाडीला.
कागदावर गाव तीन वर्षांपूर्वीच जोडलेलं.
शासन निर्णय माझ्या फोनमध्ये होता. नऊ पानं,
‘शेवटच्या घटकापर्यंत’ हे शब्द पाच वेळा,
आणि खाली : राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने.

पेटी ग्रामपंचायतीच्या कपाटात.
किल्ली ग्रामसेविका कुंभारकर मॅडमकडे.
मॅडमकडे चार गावं, या गावाचा वार गुरुवार.
मी गेलो होतो सोमवारी.

गुरुवारी कपाट उघडलं.
पेटीला हळदकुंकू, खंडेनवमीचा झेंडू वाळून काळा,
आणि हिरवा दिवा
लुकलुकत होता.
तीन वर्षं, कुलपाआड,
कुणी आतून दार वाजवत राहावं तसा.
शिपाई ठकूबाई ढेबे म्हणाल्या,
चालूच हाय की. मी रोज बघती, फटीतनं.

बाहेर रेशनच्या दुकानात
माणसं अंगठा पदराला, धोतराला पुसून
पुन्हा पुन्हा मशीनवर ठेवत होती,
आणि पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत होतं.
कपाट ते दुकान : चाळीस मीटर.
पावलांनी मोजलं, मग टेपनं.
नऊ पानं पुन्हा वाचली.
धोरण कपाटापर्यंत येतं.
तिथं पूर्णविराम आहे.

माझ्या डिकीत वारज्याची उरलेली वायर होती,
एक्कावन्न मीटर. हिशेबात भंगार.
चिंचेच्या फांदीवरून, शाळेच्या पन्हाळीवरून,
दुकानाच्या कौलांखालून आत.
ठकूबाईंनी शिडी धरली आणि चारदा विचारलं,
हे कुठं लिहून द्यावं लागंल का?
मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं.

पहिला अंगठा त्यांचाच.
गोल फिरलंच नाही. पावती सर्रकन बाहेर.
पावतीकडे न बघता
त्या आपल्या अंगठ्याकडेच बघत राहिल्या.

डिसेंबरात तपासणी झाली.
‘अनधिकृत जोडणी आढळून आली.
सात दिवसांत खुलासा करावा.’
माझी प्रत टपालानं निघाली आहे, अजून पोचलेली नाही.
दुकानाच्या दारावर चिकटवली तिचा फोटो मात्र
दुकानदारानं मला पाठवला,
त्याच वायरीवरून. शिक्क्यातली अक्षरंही लागतात.

खुलासा लिहायला बसलोय.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की,
सांधे दोन. नुकसान शून्य पूर्णांक शून्य तीन.
पुढं काय लिहायचं ते इलाहीला विचारलं,
तो म्हणाला, आधी हात धू.
अंगठ्यात काचेची एक कुसळ गेलीय.
दिसत नाही.
‘महोदय’ लिहिताना टोचते.